एकही स्पीकरचा बॉक्स न लावता

शनिवारी, १३ सप्टेंबर २०२५ ला संध्याकाळी, बेळगावच्या कॅम्पातल्या एका जुन्या चर्चमध्ये आम्ही चोवीस जणांनी आर्वो पॅर्त यांच्या रचना गायल्या. पॅर्त हे एस्टोनियाचे संगीतकार. दोनच दिवस आधी त्यांना नव्वद वर्षं पूर्ण झाली होती. आमच्या चोविसांतल्या सोळा जणांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेली पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता येत नाही. तिघं आजवर भजनी मंडळाशिवाय कुठे गायलेले नव्हते. मार्चमध्ये हे डोक्यात आलं तेव्हा ‘कुठून सुरुवात करू’ एवढं सांगणारं माणूस मला मिळालं नव्हतं. म्हणून आठवतंय तोवर सगळं क्रमानं लिहून ठेवते, पैशांसकट.

मी खानापूरला शाळेत शिकवते आणि रविवारी बेळगावला आमच्या मराठी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, गायनमंडळाची तयारी करून घेते. मार्चमध्ये बंगळूरला बहिणीकडे गेले होते. भाचा तिथल्या एका क्वायरमध्ये (गायनवृंदात) गातो. परतीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसवून देताना त्यानं माझ्या मोबाईलवर एक गाणं घालून दिलं. म्हणाला, “मावशी, डब्यातले दिवे बंद झाले की ऐक.” ते ‘दा पाचेम दोमिने’ होतं. जेमतेम पाच मिनिटांचं. ‘हे प्रभो, आमच्या दिवसांत शांती दे, कारण आमच्यासाठी लढणारा तुझ्यावाचून दुसरा कोणी नाही’ ही जुनी लॅटिन प्रार्थना. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या गाड्यांत बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर दोनच दिवसांनी पॅर्त यांनी ही रचना करायला घेतली. हे मी घरी आल्यावर वाचलं, आणि आपण ते झोपलेल्या माणसांनी भरलेल्या गाडीत ऐकलं होतं हे आठवून अंगावर काटा आला.

मग त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेले. जन्म ११ सप्टेंबर १९३५, पाइदे गावी. घरच्या पियानोच्या मधल्या पट्ट्या बिघडलेल्या, म्हणून मुलगा वरच्या आणि खालच्या टोकाच्या सुरांशीच खेळत राहिला. पुढे एस्टोनियन रेडिओवर ध्वनिमुद्रणाचं काम केलं. सोव्हिएत काळात १९६८ साली ‘क्रेदो’ या रचनेत ख्रिस्तावरची श्रद्धा उघड बोलून दाखवली, त्यावरून मोठा गहजब झाला. त्यानंतरची बरीच वर्षं त्यांनी फार थोडं लिहिलं आणि मध्ययुगातल्या चर्चमधलं, सगळ्यांनी एकच ओळ गायचं गायन वहीमागून वही भरून अभ्यासलं. १९७६ साली पियानोसाठी एक छोटीशी रचना आली आणि तिच्यातून त्यांची आजची पद्धत जन्मली. १९८० मध्ये देश सोडावा लागला, २०१० मध्ये ते परतले. एस्टोनियाची लोकसंख्या तेरा-चौदा लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या आपल्या बेळगाव जिल्ह्याची ४७ लाखांच्या वर होती. एवढ्याशा भाषेच्या देशातला माणूस प्रार्थना लिहितो आणि ती जगभर गायली जाते, हे मला सीमेवर राहणारी बाई म्हणून फार आतून लागलं.

ईस्टर २० एप्रिलला होता. त्याआधी विषय काढण्यात अर्थ नव्हता, गायनमंडळ त्याच तयारीत होतं. ४ मेच्या रविवारी उपासनेनंतर मी पाळकसाहेबांना गाणं ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, “पंचांसमोर ठेवा. पण कागदावर ठेवा.” पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघणारी माणसं. हा सल्ला कुणालाही देईन. तोंडी कल्पनेवर तासभर चर्चा होते आणि हाती काही लागत नाही. मी एक पान लिहून नेलं: काय गाणार, किती वेळ, तारीख, अंदाजे खर्च, तो कुठून येणार.

अडचण तारखेची आली नाही, एका गाण्याची आली. माझ्या यादीत ‘बोगोरोदित्से द्येवो’ होतं. पॅर्त यांनी १९९० साली केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या क्वायरसाठी केलेली, दीडेक मिनिटाची, आनंदानं उसळणारी रचना. शब्द चर्च स्लाव्होनिक या जुन्या उपासनेच्या भाषेतले आणि येशूची आई मरिया हिला उद्देशून. आमची मंडळी प्रोटेस्टंट, मरियेची प्रार्थना न करणारी. एक वडीलधारे पंच शांतपणे म्हणाले, “हे आपल्या वेदीसमोर कसं गायचं, टीचर?” त्यांचा प्रश्न खरा होता आणि मला तो टाळायचा नव्हता. पुढच्या बैठकीला मी शब्दाला शब्द मराठी करून नेलं आणि शेजारी बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातली अठ्ठाविसावी आणि बेचाळिसावी ओवी लिहिली. एक देवदूताची वंदना, दुसरा अलीशिबेचा आशीर्वाद. गाण्यातले बहुतेक शब्द शुभवर्तमानातलेच निघाले. त्या पंचांनी आपलं पवित्र शास्त्र उघडून ताडून पाहिलं आणि म्हणाले, “लूकनं लिहिलंय ते गायला मी कोण अडवणार?” १ जूनला होकार मिळाला. याच गाण्यामुळे कॅथलिक मंडळी आपणहून आली: दोन कोंकणी सोप्रानो (बायकांचा वरचा आवाज), एक टेनर (पुरुषांचा वरचा), आणि बास, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, गाणारे एक निवृत्त काका, ज्यांच्याशिवाय आमचा खालचा मजलाच उभा राहिला नसता.

जूनचा महिना नोटेशन मिळवण्यात गेला. पॅर्त हयात आहेत आणि त्यांच्या रचनांवर हक्क आहेत. व्हिएन्नाची युनिव्हर्सल एडिशन ही त्यांची प्रकाशनसंस्था. एक प्रत घेऊन झेरॉक्स मारायची सवय आपल्या सगळ्याच गायनमंडळांना आहे. ती मोडायची असं मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. गाणारी माणसं जितकी, तितक्या प्रतींचे पैसे भरायचे. इंटरनेटवरून छापून घ्यायच्या हक्कासह घेता येतात. एका प्रतीला साधारण साडेतीनशे ते चारशे रुपये पडले. माझं कार्ड दोनदा नाकारलं गेलं. मला वाटलं पैसे गेले. बँकेत गेले तर तिथल्या मुलीनं सांगितलं की परदेशी व्यवहार कार्डावर मुळातच बंद असतात, ॲपमध्ये जाऊन आपण चालू करायचे आणि काम झालं की परत बंद करायचे. दोन मिनिटांचं काम होतं, पण त्यापायी माझे नऊ दिवस गेले. सगळ्या प्रती मिळून २१,४०० रुपये झाले, चलन बदलण्याचा बँकेचा आकार धरून.

सादरीकरणाच्या हक्काचं वेगळं पाहावं लागतं. भाच्याच्या ओळखीच्या एका वकिलांनी कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ दाखवलं. हौशी मंडळानं पैसे न घेता प्रेक्षकांसमोर केलेलं सादरीकरण त्यात हक्कभंग धरलं जात नाही. म्हणून तिकीट नाही, देणगीपेटीही नाही, असं आम्ही पक्कं केलं. तुम्ही तिकीट लावणार असाल तर आधी वकिलाला विचारा आणि परवाना घ्या.

आता सराव. याविषयी मला सगळ्यात जास्त सांगायचंय.

२ जुलैपासून दर बुधवारी संध्याकाळी साडेसहा आणि रविवारी उपासनेनंतर दीड तास. खानापूरहून आम्ही चौघी लाल गाडीनं यायचो. कर्नाटकातल्या बायकांसाठीच्या शक्ती योजनेमुळे इथल्या पत्त्याचं आधार दाखवलं की शून्याचं तिकीट. आमच्यातली एक चंदगडची, तिच्या आधारावर महाराष्ट्राचा पत्ता, त्यामुळे तिला प्रत्येक खेपेला पूर्ण तिकीट. हे लक्षात यायला मला तीन आठवडे लागले, ती बोलली नव्हती. मग तिचं भाडं आम्ही सामायिक खर्चात घेतलं. सरावाला लांबून कोण येतं आणि कशानं येतं, हे पहिल्या दिवशी विचारा.

नोटेशन न येणाऱ्यांसाठी मी सरगम वापरली. ‘दा पाचेम’ डी मायनरमध्ये आहे, म्हणजे पेटीवर पांढरी दोनचा सा. प्रत्येकानं आपल्या विकत घेतलेल्या प्रतीवर पेन्सिलीनं आपल्या ओळीखाली सारेगम लिहून घेतली. मग पॅर्त यांची पद्धत समजावली. तिला ते ‘टिंटिनाबुली’ म्हणतात, घंटेच्या किणकिणाटावरून. मुळात दोन आवाज. एक पायरी-पायरीनं चालतो, सा रे ग म, उडी नाही. दुसरा त्याच्या सोबतीला फक्त सा, कोमल ग आणि प या तीन सुरांवर राहतो. या रचनेत ते याहून गुंतलेलं आहे, पण मूळ हेच. भजनी मंडळातले एक मामा लगेच म्हणाले, “म्हणजे एकानं चालायचं आन् दुसऱ्यानं तंबोरा व्हायचं.” त्या दिवसापासून आमच्यात ते ‘चालणारे’ आणि ‘तंबोरे’ असेच शब्द रुळले, आणि कुणी सूर सोडला की “तंबोरा हलला” एवढं पुरायचं.

सूर महिन्याभरात बसले. बसत नव्हतं ते वेगळंच. आपल्या गळ्याला एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना घसरत जायची सवय, आणि लांब सूर आला की त्यात जागा घ्यायची सवय. लहानपणापासून त्यालाच शाबासकी मिळालेली असते. इथे सूर लावायचा, तसाच सरळ धरायचा आणि सोडायचा. चोवीस गळ्यांतल्या एकानं जरी हलकी हरकत घेतली तरी सगळी जोडणी विस्कटते. आमच्या सगळ्यात चांगल्या गायिकेला हे सगळ्यात जड गेलं. एका बुधवारी ती रडली. म्हणाली, “ताई, मला माझं गाणंच काढून घेतल्यासारखं वाटतंय.” मी काही समजावलं नाही. तिला मधल्या बाकावर बसवलं आणि बाकीच्यांना तिच्याभोवती उभं करून गायला लावलं. ओळ संपल्यावर ती बराच वेळ वर कौलांकडे बघत होती. त्यानंतर तिनं जागा घेतली नाही.

दुसरं म्हणजे थांबे. पॅर्त यांच्या गाण्यात मध्ये मध्ये शांतता लिहिलेली असते, मोजून. आमच्या बासकाकांनी विचारलं, “गप ऱ्हायचं ते पण मोजायचं काय?” मोजायचं. पहिले काही आठवडे त्या शांततेत कुणीतरी खोकायचं, पान उलटायचं. मग मी फक्त थांब्यांचा सराव घेतला: एक स्वर, चार मोजेपर्यंत काहीच नाही, पुन्हा स्वर. पान उलटायच्या जागा ठरवून दिल्या. श्वास आळीपाळीनं घ्यायचा, शेजारच्यानं घेतला की आपण नाही. हे ठरवून प्रतीवर खूण केली नाही तर सगळे एकाच जागी श्वास घेतात आणि गाण्याला भोक पडतं.

चर्चला वर मंगळुरी कौलं आणि जुलैचा पाऊस. कित्येकदा आम्हाला एकमेकांचा आवाज ऐकू येत नसे. वीज गेली तर मेणबत्त्या लावून गायलो, आणि खरं सांगायचं तर त्या दोन संध्याकाळी आमचं गाणं सगळ्यात चांगलं झालं.

‘फाटर उन्झर’ ही जर्मनमधली प्रभूची प्रार्थना लहान मुलाच्या आवाजासाठी आणि पियानोसाठी आहे. ती गाणारा आमचा तेरा वर्षांचा मुलगा जुलैच्या शेवटी वरच्या सुराला फुटायला लागला. आवाज बदलण्याचं वय. तो दोन रविवार आलाच नाही. घरी गेले तर दार लावून बसलेला. त्याला म्हटलं, तुझ्या बहिणीला तूच शिकव. दहा वर्षांची ती पोर दादाचं ऐकून ऐकून अर्धं गाणं पाठ करून बसलीच होती. पुढचे पाच आठवडे त्यानं तिला उच्चारासकट तयार केलं, देवनागरीत लिहून. मुलगे घेऊन असं काही करणार असाल तर दुसरा आवाज पहिल्यापासून तयार ठेवा.

व्हायोलिन आणि पियानोची ‘श्पीगेल इम श्पीगेल’ ही १९७८ ची रचनाही घेतली. टिळकवाडीतल्या एका व्हायोलिनशिक्षकांनी ती वाजवली. त्यांचं सगळं शिक्षण हिंदुस्थानी. पहिल्यांदा वाचून झाल्यावर ते म्हणाले की ही तर बढत आहे. खरंच आहे ते. पांढरी चारचा सा धरला तर प्रत्येक वेळी एकेक सूर वाढत जातो आणि ओळ परत येऊन गंधारावर विसावते.

ऑगस्टमध्ये कागद. मंडळीच्या लेटरहेडवर अर्ज, दोन जबाबदार माणसांच्या आधारच्या प्रती, कार्यक्रमपत्रिका, अंदाजे किती लोक, गाड्या कुठे लावणार. अर्ज कन्नडमध्ये दिलेला बरा. मला कन्नड बोलता येतं, अर्जाचं लिहिता येत नाही. आमच्या ऑल्टोतल्या, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजातल्या, एका कन्नड अक्कांनी तो लिहून दिला. ११ ऑगस्टला पोलीस ठाण्यात गेले तर सगळे गणेशोत्सवाच्या बंदोबस्तात. गणपती २७ ऑगस्टला, अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. “सण झाल्यावर या.” सण झाल्यावर आम्हाला एकच आठवडा उरत होता, म्हणून मी विनंती करून त्याच दिवशी शिक्का-तारखेची पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय उठू नका. तिसऱ्या खेपेला, ९ सप्टेंबरला, तिथल्या साहेबांनी अर्ज वाचून विचारलं, “बॉक्स किती लावणार?” म्हटलं, एकही नाही. “मग माईक?” तोही नाही. त्यांनी मान वर करून पाहिलं. “नुसतं तोंडानं? दीडशे लोकांना ऐकू जाईल?” म्हटलं, जाईल, साहेब, चर्च त्यासाठीच तसं बांधलंय. ध्वनिक्षेपकाच्या परवानगीचा प्रश्नच आला नाही. त्यांनी सही केली आणि वेळ विचारून घेतली.

कापडी बॅनरचं म्हणाल तर, इथे नामफलकांना ६० टक्के कन्नडचा कायदा आहे. छापणाऱ्यानं बॅनरलाही तसंच करू म्हटलं आणि आम्ही तसंच केलं. वर कन्नड मोठं, खाली मराठी आणि इंग्रजी. कार्यक्रमपत्रिका तिन्ही भाषांत, प्रत्येक प्रार्थनेच्या अर्थासह. पॅर्त यांचं नाव कन्नडमध्ये कसं लिहायचं यावर अक्कांनी आणि मी एक अख्खी दुपार घालवली.

विसर्जनाच्या दिवसांत सराव धरू नका. बेळगावची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि कपिलेश्वर तलावाकडचे रस्ते बंद असतात. ७ तारखेचा रविवार आमचा गेलाच. आणि ८ तारखेच्या मरियेच्या जन्माच्या सणाआधी कॅथलिक मंडळींचं नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना. हे मी मे महिन्यात कॅलेंडरवर पाहायला हवं होतं.

११ तारखेच्या गुरुवारी, पॅर्त यांच्या वाढदिवशी, शेवटचा सराव झाला. भाड्याचा डिजिटल पियानो आला होता. दोन दिवसांचे ४,५०० आणि अनामत ५,०००. गाऊन झाल्यावर पाळकसाहेबांनी पॅर्त यांच्या आरोग्यासाठी साधी प्रार्थना केली. मग कुंदा वाटला.

शनिवारी वेळ साडेपाचची ठेवली होती, शेवटच्या गाड्या मिळाव्यात म्हणून. पाच वाजता चाळीस माणसं होती, साडेपाचला दीडशेच्या वर. पत्रिका संपल्या. टाळ्या अगदी शेवटीच, असं तिन्ही भाषांत सांगितलं. सुरुवात आम्ही आपल्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातल्या ना. वा. टिळकांच्या एका गीतानं केली. ते साऱ्या मंडळीनं उभं राहून म्हटलं, आणि त्यानं आमचा थरकाप गेला. ‘बोगोरोदित्से’ थोडं पळालं, माझ्या हाताची चूक. ते बैठकीतले वडीलधारे पंच पहिल्या बाकावर होते, मांडीवर उघडं शास्त्र.

पोरगी ‘फाटर उन्झर’ गायली तेव्हा तिचा दादा पियानोपाशी पानं उलटायला उभा होता. एका ओळीला ती शब्द विसरली, त्यानं ओठ हलवले, तिनं उचललं. अर्थ पत्रिकेत होता, त्यामुळे मागच्या बाकांवरच्या आज्ज्या हळू आवाजात ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणायला लागल्या. मी त्यांना थांबवलं नाही.

शेवटी ‘दा पाचेम’. तिसऱ्या ओळीला पाऊस सुरू झाला, जोराचा नाही, कौलांवर टपटप. आम्ही कुणीच आवाज चढवला नाही. लिहिलेल्या थांब्यात फक्त तो पाऊस ऐकू येत होता, आणि शेवटचा सूर सोडल्यावर मी हात खाली घ्यायला विसरले. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग टाळ्या.

आम्ही खानापूरच्या चौघींनी पावणेआठची गाडी पकडली. चंदगडची त्या रात्री माझ्याकडेच राहिली.

हिशेब असा: नोटेशन २१,४००, पियानो ४,५००, पत्रिका २,२५०, बॅनर ९००, जनरेटर आणि वायरमन २,५००, चहा-फराळ ३,८००. एकूण ३५,३५०. चोवीस जणांचे प्रत्येकी हजार, मंडळीनं आठ हजार दिले, उरलेले ३,३५० एका कुटुंबानं नाव न सांगण्याच्या अटीवर. अनामत सोमवारी परत मिळाली. चंदगडच्या भाड्याचे पैसे आम्ही दर आठवड्याला आपापसांत काढत होतो, ते यात धरलेले नाहीत.

अर्जाची कन्नड प्रत, पोच, पंचांसाठी केलेलं ते एक पान आणि लूकच्या ओव्यांचा तक्ता एका फाईलमध्ये लावून पाळकसाहेबांच्या कपाटात ठेवलाय. कुणाला बघायचं असेल तर रविवारी उपासनेनंतर या. बुधवारचा सराव सुरूच आहे, आता नाताळच्या गाण्यांचा, आणि बासला माणसं हवी आहेत.